सेव्हमधला परका हात

३ फेब्रुवारी

प्रिय चष्मेवाली,

पेनड्राइव्ह पोचला. पाकिटाला चिकटपट्टी इतकी गुंडाळली होतीस की उघडता उघडता माझं नख तुटलं. दुकानात काचा बांधून बांधून हात तसा झाला असेल. असो.

सेव्ह, म्हणजे तू जिथवर पोचलीस तिथवरचा साठवलेला खेळ, कंप्युटरवर उघडला आणि सगळ्यात आधी खेळातल्या तुझ्या बाईची पिशवी तपासली. चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांचे खिसे तपासले, निवृत्त झाले म्हणून सवय जाते थोडीच! तर पिशवीत निघालं ते असं: चाळीस तलवारी, त्यातल्या निम्म्या मोडक्या, सत्तावीस चिलखतं, एका दाराची गंजकी कडी आणि एकशे बारा कोबी. एकशे बारा! आकडा मी चष्मा पुसून परत वाचला. अगं, ही निरोप पोचवणारी बाई आहे की मालगाडी? माझी बाई तीन चिलखतं उचलली की पाय ओढत चालते. तुझी एवढं सगळं घेऊन घाट चढते आणि वर गेल्यावर अस्वलही मारते.

अस्वलावरून आठवलं. त्या मेल्याने मला सतरा वेळा मारलं. सतरा वेळा मी घाटाच्या पायथ्यापासून सुरुवात केली. आणि तू पत्रात लिहितेस, "अस्वल झालं." बस, दोन शब्द. जणू भांडी झाली.

आपला करार काय होता? खेळ एकच, सुरुवात एकाच दिवशी, दर पत्रासोबत सेव्ह पाठवायचा आणि मॉड लावायचा नाही. बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला जोड खेळात घुसवला, की ओझं लागत नाही, वार बसत नाही, मरण येत नाही. मग खेळायचं कशाला? उत्तरपत्रिकेत गाइडचं पान चिकटवून देण्यासारखं झालं ते. मला यात कुठेतरी पाणी मुरताना दिसतंय.

मी चेष्टा करतेय असं समजू नकोस. धाकटा माझ्याशी सहा वर्षं बोलत नाही. तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ, पण त्या घरात काय चाललंय हे मला तुझ्या पत्रातूनच कळतं. तुझ्या शब्दावरचा विश्वास उडाला तर मला त्या घराकडे जायला वाटच राहत नाही. म्हणून विचारते, सरळ सांग. मॉड लावलास का?

धाकटा कसा आहे? कामावर वेळेवर जातो ना?

तुझी,
ताई

—

१२ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र दुकानात मिळालं तेव्हा समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी हसले तर ते बिचारं घाबरलं, त्याला वाटलं त्याच्याच नंबरला हसतेय.

कोबीचं असं आहे, की वाटेत सापडले, उचलले. पुढे कुठेतरी लागतील म्हणून ठेवले. तुम्ही नाही का पिशव्यांच्या पिशव्या जपून ठेवत! ओझं मी वाटून वाटून नेते, दोन खेपा करते. आणि अस्वल झोपलं होतं. खरंच झोपलं होतं. माझं नशीब, दुसरं काय.

आणि ताई, समजा, नुसतं समजा हं, लावला असता मॉड, तर कुणाचं काय बिघडलं असतं? हा एकटीने खेळायचा खेळ. समोर दुसरा खेळाडू नाही, बक्षीस नाही, नंबर लागत नाही. माझ्या दुकानात रोज माणसं येतात. चष्म्याशिवाय तक्त्यावरची चौथी ओळसुद्धा वाचता येत नाही, काच लावली की शेवटची वाचतात. त्यांना मी म्हणते का, की तुम्ही फसवलंत म्हणून?

हे बरे आहेत. कामाचं नेहमीचंच.

पत्रं लिहीत राहा, रागावलात तरी लिहा. या वेळच्या पेनड्राइव्हला चिकटपट्टी कमी लावली आहे.

तुमची,
चष्मेवाली

—

२१ फेब्रुवारी

चष्मेवाली,

"समजा" हा शब्द मी हजार पोरांच्या तोंडून ऐकलाय. "समजा मॅडम, चिठ्ठी माझी नसली तर?" समजा म्हणणाऱ्याचीच चिठ्ठी असते, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव.

चष्म्याचा दाखला छान दिलास. पण चष्मा लावून इतिहासाचा पेपर देता येतो, डोळ्यांची तपासणी चष्मा लावून देता येत नाही. खेळात तपासणी कशाची आहे? ओझं किती घ्यायचं, काय टाकायचं, कुठे पळायचं याचीच ना? तेच काढून टाकलं तर उरलं काय?

आता ऐक. तुझा सेव्ह उघडला की दर वेळी एक पाटी येते. मी आजवर ती न वाचताच "ठीक" दाबत होते. या खेपेला वाचली. "या सेव्हला लागणाऱ्या तीन फाइली तुमच्याकडे नाहीत." खाली तीन नावं, म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. आमच्या कोपऱ्यावरच्या कंप्युटर दुरुस्त करणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "काकू, हे मॉड आहेत. एक नाही, तीन." साठीला आलेल्या बाईने हे विचारावं याचं त्याला हसू येत होतं. मला येत नव्हतं.

पण खरी गोष्ट ती नाहीच. प्रत्येक सेव्हवर तारीख आणि वेळ असते, हे तुला ठाऊक आहे? मंगळवार, सकाळी ११.२०. बुधवार, दुपारी २.४०. गुरुवार, १२.०५. पुढच्या आठवड्यातही तेच. तुझं दुकान दहाला उघडतं आणि तू सातला घरी पोचतेस, हे तूच मला सांगितलंयस. मग दिवसाढवळ्या तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीवर बसून, तुझा खेळ कोण खेळतं?

धाकट्याबद्दल तू दोन वाक्यं लिहितेस आणि दोन्ही कोरडी. पूर्वी तो काय जेवला, कुणाशी भांडला, सगळं लिहायचीस.

ताई

—

५ मार्च

ताईंना नमस्कार,

बरं, धरलंत मला. लावलाय मॉड. ओझ्याचा एक. पाटीवर तीन नावं येतात, पण बाकीची दोन त्याच्याबरोबरच येतात म्हणे, मला त्यातलं फार कळत नाही. करार मोडला, चूक झाली, कान पकडते. तुम्ही म्हणाल तर दंड म्हणून सुरुवातीपासून खेळते.

वेळेचं मात्र काही नाही. कंप्युटरचं घड्याळ बिघडलंय. जुनं झालंय ते.

दुकानात सध्या गडबड आहे. काच घासायच्या यंत्राचं चाक झिजलंय, एकेका भिंगाला दुप्पट वेळ लागतो. त्यात मालकीणबाईंची बडबड. घरी जाईस्तो जीव नकोसा होतो. म्हणून पत्रं छोटी होतात. मनात दुसरं काही आणू नका.

ताई, सगळंच पत्रात लिहिता येत नाही. पण सेव्ह मी तुम्हाला पूर्ण पाठवते, त्यातलं काही काढत नाही, काही लपवत नाही. तो नीट बघा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हे मला माहीत आहे.

हे बरे आहेत. जेवतात, झोपतात.

तुमची,
चष्मेवाली

—

१३ मार्च

चष्मेवाली,

म्हणालीस नीट बघा, तर बघितलं. पाच दिवस दुसरं काही केलं नाही.

घड्याळ बिघडलंय म्हणतेस. मग संध्याकाळच्या सेव्हची वेळ बरोबर कशी? साडेसात, आठ, सव्वाआठ, रविवारी दुपारची. तुझं घड्याळ दिवसा बिघडतं आणि तू घरी आलीस की दुरुस्त होतं का? माझ्याशी खोटं बोलायचं तर जरा अभ्यास करून बोल.

एका उत्तरपत्रिकेत दोन हस्ताक्षरं असली की मला पहिल्या पानावर कळायचं. तुझ्या सेव्हमध्ये दोन हात आहेत. संध्याकाळचा हात तुझा. तो रस्त्यातली फुलं तोडतो, दिसेल त्याच्याशी बोलतो, स्वतः उचललेलं जास्तीचं सामान विकून मोकळा होतो. दिवसाचा हात वेगळा. तो कुणाशी म्हणजे कुणाशी बोलत नाही. प्रत्येक पेटी उघडतो, मोडकं-तोडकं सगळं पिशवीत भरतो, काही म्हणता काही टाकत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी सेव्ह करतो, जसं काही हातून सगळं निसटून जाणार आहे. आणि नदीच्या धक्क्यावर बाईला नुसती उभी करून ठेवतो. अकरा सेव्ह त्या एका धक्क्यावरचे आहेत. तिथे काही मिळत नाही, मी जाऊन बघितलं.

हा माणूस दिवसभर रिकामा आहे. तो रोज येतो. तुझ्या घरात त्याला कुणी हटकत नाही. आणि तो आहे हे तू माझ्यापासून लपवतेस.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. दिवसा तुमच्या घरात कोण असतं? खाई त्याला खवखवे म्हणतात. तुला खवखवत नसेल तर उलट टपाली लिही.

ताई

—

१९ एप्रिल

धाकट्या, अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस. सहा वर्षांनी लिहितेय म्हणजे कारण तसंच आहे. वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरच्या पत्त्यावर आलेलं पत्र तुझ्या हाती पडेल याची मला खात्री नाही.

तुझी बायको आणि मी दोन वर्षं पत्रं लिहितो. ती तिच्या कंप्युटरवर जो खेळ खेळते तोच मी इथे खेळते आणि आम्ही आपापले सेव्ह एकमेकींना पाठवतो. तुला हे ठाऊक असेल किंवा नसेल. त्या सेव्हवरून मला जे कळलं ते तुला सांगणं माझं कर्तव्य आहे.

तू दिवसभर त्या पत्रे दाबायच्या प्रेसवर राबतोस. तुझ्यामागे तुझ्या घरी कुणीतरी येऊन बसतं. जानेवारीपासून तरी येतंय. बाई नसावी, बाई असती तर खेळातल्या माणसांशी चार शब्द बोलली असती. एकवीस दिवसांच्या तारखा आणि वेळा सोबतच्या कागदावर लिहिल्या आहेत. मी तिला सरळ विचारलं तेव्हा आधी घड्याळ बिघडल्याची थाप मारली आणि आता महिना झाला, उत्तरच नाही. मी तीन पत्रं पाठवली.

मी कुणावर आळ घेत नाही. एक दिवस लवकर घरी जा आणि आपल्या डोळ्यांनी बघ, एवढंच म्हणते. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तू म्हणशील, ही बया पुन्हा सुपरवायझर झाली. झाले तर झाले. दहावीच्या हॉलमध्ये तुझ्या बाहीतून चिठ्ठी मीच काढली आणि तुझं वर्ष मीच घालवलं, म्हणून तू मला कधी माफ केलं नाहीस. पण तेव्हाही मी बरोबर होते, आणि आताही बरोबरच निघेन.

ताई

—

२ मे

ताई,

नमस्कार-बिमस्कार राहू दे.

तुमचं पत्र पोचलं, ह्यांच्याच हातात पोचलं. वर्कशॉपमधला ह्यांचा जोडीदार घरी घेऊन आला, कारण हे नोव्हेंबरपासून तिथे जात नाहीत. प्रेसमध्ये ह्यांचा उजवा हात सापडला. दोन ऑपरेशनं झाली. तेव्हापासून हे दिवसभर घरी असतात. जानेवारीत पट्ट्या निघाल्या, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून खुर्चीवर येऊन बसले त्या दिवसापासून माझा खेळ खेळतात. दिवसा आमच्या घरात येऊन बसणारा तुमचा तो परका माणूस तुमचा भाऊ आहे.

पाकीट ह्यांना एका हाताने फोडता येईना, म्हणून माझ्याकडे दिलं. म्हणाले, वाच. जोडीदार समोर बसलेला, हातात चहा. मला काय ठाऊक आत काय आहे ते! त्याच्यादेखत मी माझ्यावरचा आळ मोठ्याने वाचला, शेवटपर्यंत. "बाई नसावी" वाचलं, एकवीस तारखाही वाचल्या. थांबले असते तर त्याला वाटलं असतं की खरंच काहीतरी आहे. तो माणूस चहा अर्धा टाकून उठला.

हे हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. "माझ्याच घरात मी परका निघालो," म्हणाले. आणि मग दोन दिवस जेवले नाहीत.

तुम्हाला का नाही कळवलं, ते पण ऐका. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा पाणी मागायच्या आधी मला म्हणाले, ताईला सांगायचं नाही. मी म्हटलं, असं कसं, सख्खी बहीण आहे. तर म्हणाले, "ती आधी विचारेल, नियम पाळला होतास का. ते मला आत्ता सहन व्हायचं नाही." माझ्याकडून शब्द घेतला. मी तो पाळला. तुमच्याशी खोटं बोलताना माझ्या जिवाला काय होत होतं ते मलाच माहीत.

पण ताई, तुमच्यासाठी वेगळा, नुसता माझा सेव्ह ठेवणं हे दोन मिनिटांचं काम होतं. मी मुद्दाम ठेवला नाही. तोंडाने सांगायचं नाही असा शब्द दिला होता, सेव्हचा शब्द दिला नव्हता. मला वाटलं, ताई बघतील आणि ओळखतील. मोडक्या तलवारीसुद्धा जपून ठेवणारा माणूस कोण? पेन्सिलींचे नखाएवढे तुकडे डब्यात साठवायचा, एक फेकला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा, हे मला हसत हसत कुणी सांगितलं होतं? कुणाशी बोलायचं नाही, नदीकाठी नुसतं उभं राहायचं, हे तुम्ही कुणाचं बघितलंय लहानपणापासून? तुम्ही हात ओळखलात. दोन हात आहेत हे सुद्धा ओळखलंत. आणि त्यावरून माझ्या चारित्र्यापर्यंत जाऊन पोचलात. भावापर्यंत नाही पोचलात.

मी तुमची बाजू किती घेतली या घरात! आमच्याकडे सगळे जमले असताना माझ्या माहेरच्या माणसांसमोर तुम्ही बोललात, "कॉपी करताना सापडला नसता तर आज प्रेसवर नसता." तेव्हापासून हे बोलत नाहीत. तरी मी म्हणायचे, त्या तोंडाने तिखट आहेत, मनाने तशा नाहीत. आता काय म्हणू?

मॉडचंही सांगते. तीन आहेत, तिन्ही ह्यांनीच शोधून बसवले. ते कशाला लागतात हे तुमच्या भावाकडे बघितलं असतंत तर कळलं असतं.

हाताचं किती गेलं, कसं झालं, हे मी लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. विचारायचं असेल तर त्यांना विचारा, उत्तर द्यायचं की नाही ते बघतील. यापुढे माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पत्र पाठवू नका.

—

७ मे

धाकट्या,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय. ते तू चष्मेवालीकडूनच फोडून घेशील, तेव्हा आधी तिच्यासाठी लिहिते.

पोरी, मी तुझी माफी मागते. माझ्या हातात फक्त तारखा होत्या आणि मला वाटलं माझ्या हातात माणूस आहे. तू मला दार उघडून देत होतीस आणि मी कडी वाजवत तुलाच चोर म्हणत होते. त्या जोडीदाराला बोलाव, चहा दे आणि हा मजकूर त्याच्यासमोर मोठ्याने वाच. मी चारचौघांत बोलले आहे, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी. तू मला लिहू नकोस म्हणालीस, ते बरोबर आहे. मी दुकानाच्या पत्त्यावर लिहिणार नाही.

आता तुझं, धाकट्या.

तिचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. "उजवा हात सापडला" हे वाचलं, आणि तुला खरं सांगते, माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की नियम पाळला होता का. दुसरा प्रश्न आला, किती गेलं. दोन्हीत फार वेळ गेला नसेल, पण पहिला तो पहिलाच. मग पुढे वाचलं आणि तू शुद्धीवर आल्यावर जे बोललास ते समोर आलं. शब्द न् शब्द तोच. मी खाली बसले. साठीला आलेली बाई मी, फरशीवर बसून ओक्साबोक्शी रडले. भाऊ मरता मरता वाचतो आणि बहिणीला नियम आठवतो, ही कसली बहीण!

हे तुझ्यापासून लपवून छान पत्र लिहिता आलं असतं. "वाचून काळजाचं पाणी झालं" असं लिहिलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण माझ्या काळजाचं पाणी दुसऱ्या नंबरावर झालं, आणि तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतोस म्हणून तुझ्याशी खोटं चालायचं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नकोस. ते मला नको. दुसऱ्याचं द्यावंसं वाटलं तर दे. नाही दिलंस तरी माझी तक्रार नाही, तक्रारी मी पुष्कळ केल्या.

तुझ्या मॉडचं म्हणशील तर मला आतून अजून पटलेलं नाही. पटलं असं लिहिलं तर तू हसशील. मी बिनमॉडची खेळणार, अठराव्यांदा अस्वलाकडून मरणार. पण तो माझ्या पिशवीपुरता कायदा आहे, हे मला आता कळलं. तू तुझ्या पिशवीत काय भरायचं ते भर.

मी येऊ का, असं विचारायचा हक्क मला नाही, म्हणून विचारत नाही.

ताई

—

२४ मे

ताई,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला मार्क कापू नकोस. हे पत्र नऊ दिवस चाललंय.

चष्मेवालीने तुझी माफी जोडीदारासमोर वाचली. त्याने या वेळी चहा पूर्ण प्यायला. ती अजून रागात आहे आणि तिने राहावं. दोन महिने तरी तिची समजूत काढायची नाही.

सेव्ह तुझ्याकडे जातो हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ती पेनड्राइव्ह लपवते कुठे, तर चष्म्याच्या रिकाम्या डबीत. कोबी त्यासाठीच भरत गेलो. तू मोजणार हे ठरलेलं.

मॉड का, ते सांगतो. पिशवी भरली की खेळ विचारतो, काय ठेवायचं, काय टाकायचं. ते एकेक निवडायला एका हाताने मला पाऊण तास लागायचा आणि मध्येच चुकीची कळ दाबली जाऊन भलतंच जायचं. म्हणून ओझं काढलं. दुसरा मॉड वेळ हळू करतो. तुम्हा लोकांना अस्वल अर्ध्या सेकंदात दिसतं, मला नुसती कळ शोधायला दोन सेकंद लागतात. तिसरा अक्षरं मोठी करतो. तो चष्मेवालीचा सल्ला, डोळ्यांचं तिला कळतं. आता याला चीटिंग म्हणायचं तर म्हण. समोर कुणी नाही. अस्वलाची लेखी तक्रार आली तर बघू.

दहावीला चिठ्ठी माझीच होती. ते तुझं बरोबर होतं, मी त्यावर कधी भांडलो नाही. सासरच्या माणसांसमोर काढलंस ते बरोबर नव्हतं. चौतीस वर्षं मी त्या हॉलमधून बाहेर पडायला बघतोय आणि तू दार धरून उभी.

वर्कशॉपचं. प्रेसला एक दिवा असतो, मध्ये हात असला की मशीन थांबवतो. त्या दिवशी मला दुसऱ्या मशीनवर पाठवलं. त्याचा दिवा वरच्यांनी आधीच वायर जोडून आंधळा केलेला, माल जास्त निघावा म्हणून. दिवा जळत होता, बघत नव्हता. मला कुणी सांगितलं नाही. चौकशीत म्हणतात, मीच केलं असेल. शाळेतली गोष्ट कुणीतरी तिथेही पोचवली आहे. असल्या माणसाचं काय सांगावं, म्हणतात. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.

तू नको म्हणालीस तरी दोन्ही उत्तरं देतो, क्रमाने, आधी नियमाचं, मग बोटांचं.

पाळला होता.

चार.

तिसरा प्रश्न असेल तर घरी येऊन विचार.

धाकटा